खिडकी क्रमांक सात

भिंतीवर हातोडीची टिचकी मारायची
आणि कान द्यायचा.
भरीव असेल तर ती टक्क म्हणते,
पोकळ असेल तर भद्द.
अकरा वर्षं हीच नोकरी.
या शहराशी माझं बोलणं दोन शब्दांचं.

फोर्टातला दगड जरा जास्त बोलतो.
मालाडचा पिवळसर, कुर्ल्याचा निळा,
आणि पोरबंदरचा तो नाजूक,
खारा वारा लागला की पिठासारखा झडणारा.
तिथे एका जिन्याच्या खांबावर घुबड आहे.
पंज्याखाली उंदीर हवा,
तर आहे गुंडाळलेला नकाशा.
कुण्या पाथरवटानं साहेबावरचा राग काढलाय.
साहेबाचं नाव दाराशी, संगमरवरात.
पाथरवटाचं कुठेच नाही.
मी वर जाताना घुबडाला हात लावते,
डोकं गुळगुळीत झालंय,
म्हणजे लावणारी मी एकटी नसावी.

आज कुलाब्याला, कफ परेडच्या आतल्या गल्लीत.
नेपच्यून कोर्ट. चार मजले, बांधणी एकोणीसशे अडतीस.
बोटीसारखी इमारत :
डेकचे असावेत तसे गोल कठडे,
गच्चीवर डोलकाठी, तिला आता सहा डिश अँटेना,
आणि जिन्याला सात वाटोळ्या खिडक्या.
समुद्राकडे तोंड करून बांधली होती.
मग शहरानं समुद्रच मागे सारला
आणि हिला काही कळवलं नाही.

टेप लावला.
पहिल्या सहा खिडक्या जमिनीपासून साडेचार फुटांवर.
सातवी दोन फूट एक इंच.
पुन्हा लावला.
दोन फूट एक इंच.

पालिकेच्या दप्तरात नकाशा मिळाला होता,
निळा, घडीवर फाटलेला.
त्यात सातही खिडक्या सारख्याच उंचीवर.
खाली आर्किटेक्ट जाल मोटाफ्राम यांची सही,
कोंबड्याच्या तुऱ्यासारखी.
आणि अगदी कोपऱ्यात
मुंगीएवढी दोन अक्षरं : वा. अ.

तिसऱ्या मजल्यावरच्या पेरिन घडियाली म्हणाल्या,
"अरे ते वामन अजिंक्य. ड्राफ्ट्समन.
मम्मा सांगायची, त्याची छोकरी रोज त्याचा डबा घेऊन यायची,
आणि रडायची, मला बोट दिसत नाय, मला बोट दिसत नाय.
तर त्यानं गवंड्याला चार आणे दिले
आणि एक खिडकी खाली घेतली.
मोटाफ्राम चिडला ना खूप!
पण प्लास्टर झालेलं."

खरं असेलच असं नाही.
जिन्यात भेटलेल्या बायका अशा गोष्टी
एकमेकींना उसन्या देतात, साखरेसारख्या,
आणि परत येताना वाटी थोडी जास्त भरलेली असते.
गवंड्याची दोरी सैल पडली असेल.
ओळंबा हलला असेल.
चार आण्यांत काय काय होत असे
हे मला कुठं ठाऊक.

तरी मी बॅग ठेवली आणि पायरीवर बसले.
मग आणखी खाली, फरशीवर,
चार वर्षांच्या उंचीला.
समोर कुणाचातरी एसी, त्यावर कबुतर,
एक वाळत घातलेला बनियन.
बनियन हलला तेव्हा
दोन टॉवरांच्या मधे बोटभर करडी पट्टी.
समुद्र असेल.
पत्राही असेल.

काठाखाली हातोडी मारली.
टक्क.
काठाचा मोझॅक मधोमध झिजलाय,
दोन ठिकाणी, वीतभर अंतरावर,
कोपरं टेकतात तिथे.

अहवालात रकाने आहेत :
तडा, गळती, गंजलेली सळई, सुचवलेली दुरुस्ती.
सोसायटीला ॲल्युमिनियमच्या खिडक्या हव्यात,
सगळ्या एका मापाच्या, सवलतीत मिळतायत.
अहवालाखाली सही माझी नसते, कंपनीची असते.
मी फक्त आकडे भरते,
आणि शेवटचा रकाना, शेऱ्याचा,
जो कुणी वाचत नाही.
तिथे लिहिलं :
खि. क्र. ७. माप बरोबर आहे. हलवू नये.

वरून पेरिनबाई विचारत होत्या,
चहा घेणार का,
साखर मात्र खालून मागून आणावी लागेल.